ओवी काळजातून येते की डोक्यातून?

हातातलं काम चालू राहू द्या. मासळी निवडत असाल तर निवडा, भाकरी थापत असाल तर थापा. कान तेवढा इकडे द्या.

आपण एरवी रेशनकार्डावर बोलतो, गटाच्या कर्जावर बोलतो, बाळाच्या लसीवर बोलतो. आज गाण्यावर बोलू. शिकलेल्या लोकांत एक जुना वाद आहे. चांगली कविता कशातून येते, भावनेतून की बुद्धीतून? आपल्या भाषेत विचारायचं तर, काळजातून की डोक्यातून?

तुम्ही म्हणाल, या वादाशी आमचा काय संबंध? संबंध आहे, आणि फार जवळचा आहे. हळदीच्या रात्री एखादी आजी गाणं धरते. ऐकणाऱ्या बायकांचे डोळे भरून येतात. मग आपण काय म्हणतो? "तिनं किती सोसलंय, म्हणून आपोआप येतं तिच्या तोंडी." आणि शाळेच्या पुस्तकातली कविता वाचली की म्हणतो, "केवढा हुशार माणूस असेल!" म्हणजे पुस्तकातल्या कवीकडे हुशारी, आणि आपल्या आजीकडे नुसतं रडणं. ही वाटणी आपणच करून टाकली आहे. ती बरोबर आहे का, हे आज बघू.

सुरुवात एका ओळखीच्या गोष्टीपासून करू. वाल्मीकी ऋषी नदीवर स्नानाला गेले होते. क्रौंच पक्ष्यांची एक जोडी खेळत होती. पारध्याने बाण मारून त्यातला नर पाडला. मादी आक्रोश करू लागली. ते पाहून ऋषींचं काळीज कळवळलं आणि त्यांच्या तोंडून श्लोक बाहेर पडला. शोकातून श्लोक आला, असं सगळे सांगतात आणि गोष्ट तिथेच संपवतात. पण रामायणात ती तिथे संपत नाही. आपण हे काय बोलून गेलो याचा वाल्मीकी स्वतःच विचार करत बसतात. मग शिष्याला सांगतात की या बोलण्याला चरण आहेत, अक्षरं सारखी आहेत, हे वीणेवर गाता येईल. म्हणजे दुःख झालं, शब्द आले, आणि लगेच त्यांनी ते शब्द मोजून पाहिले. त्यानंतर एवढं मोठं रामायण रचलं. ते काही एका हुंदक्यात होत नाही. त्याला बैठक लागते, आठवण लागते, कुठली गोष्ट आधी आणि कुठली नंतर हे ठरवावं लागतं.

आता आपल्या ओवीकडे येऊ. ओवी किती जुनी असेल? सुमारे 900 वर्षांपूर्वी, 1129 च्या सुमारास, चालुक्य राजा सोमेश्वर याने 'मानसोल्लास' नावाचा संस्कृत ग्रंथ लिहिला. त्यात तो सांगतो की महाराष्ट्रात बाया कांडताना ओवी गातात. ज्ञानेश्वरी झाली 1290 साली. म्हणजे ज्ञानेश्वरीच्याही दीडशे वर्षं आधी ओवी बायकांच्या तोंडी होती, आणि एका राजाला ती ग्रंथात नोंदवाविशी वाटली. ग्रंथातली ओवी साडेतीन चरणांची असते. जात्यावरची ओवी बहुतेक दोन ओळींची.

दोनच ओळी, म्हणून सोपं काम वाटतं. पण आजी जात्यावर बसून काय काय सांभाळायची ते बघा. एका हाताने खुंटा फिरवायचा, दुसऱ्या हाताने मूठमूठ धान्य घालायचं. जात्याच्या फेऱ्याला ओळ जुळली पाहिजे. दुसऱ्या ओळीच्या शेवटी पहिलीशी यमक आलं पाहिजे. आणि मनातलं सगळं त्या दोन ओळींत मावलं पाहिजे. एखादी ओळ आजी पुन्हा पुन्हा का म्हणायची? मध्येच 'बाई', 'गं' असे शब्द का घालायची? त्यानं चाल भरते, सोबतीणीला ओळ उचलता येते, आणि तेवढ्या वेळात पुढची ओळ डोक्यात जुळवता येते. हे सगळं भल्या पहाटे, अर्धवट झोपेत, कागद नाही, पेन नाही. याला हुशारी म्हणायचं नाही तर कशाला म्हणायचं?

नुसतं सांगून पटणार नाही, म्हणून आपण एक ओवी जुळवून बघू. ही कुठली जुनी ओवी नाही. आजच्या बोलण्यासाठी केलेली आहे.

प्रसंग आपल्या किनाऱ्यावरचा घेऊ. वारा सुटला आहे. गावच्या बोटी परत येत आहेत. एक घरची बोट अजून आलेली नाही. बाई वाट बघते आहे. तिला काय वाटत असेल ते आपल्याला सांगावं लागत नाही. तेच जसंच्या तसं म्हटलं तर असं होईल:

भीती गं वाटे मला, जीव झाला कासावीस
डोळ्याला येई पाणी, कसा सरेल हा दिस

वाईट नाही. खोटं तर मुळीच नाही. पण ही ओवी कुणाची? किनाऱ्यावरच्या बाईची, की दवाखान्याबाहेर बसलेल्या बाईची, की परीक्षेला गेलेल्या मुलाच्या आईची? कुणाचीही असू शकते. भावना खरी आहे, पण ती ऐकणारीपर्यंत पोचत नाही. "मला भीती वाटते" हे ऐकून ऐकणारीला भीती वाटत नाही. तिला फक्त कळतं की कुणाला तरी भीती वाटते आहे.

आता उलटं करू. भावना बाजूला ठेवू आणि नुसती चाल नि यमक सांभाळू:

सागर निळा निळा, वारा वाहे झुळूझुळू
होडी चाले पाण्यावरी, लाटा येती हळूहळू

मोजायला गेलं तर सगळं ठीक. यमक आहे, ताल आहे. पण यात कुणी माणूसच नाही. ज्या घरचा माणूस दर्यावर जातो, त्या घरची बाई अशी ओवी कशाला म्हणेल? समुद्र तिच्यासाठी निळा निळा नसतो. तो कधी पोट भरतो, कधी झोप उडवतो. हे गाणं लग्नपत्रिकेवरच्या चित्रासारखं झालं, छान रंगवलेलं आणि कुणाचंच नाही.

आता तिसऱ्यांदा. भीती मनात ठेवायची, पण 'भीती' हा शब्द घ्यायचा नाही. त्या बाईच्या भोवती काय आहे ते बघायचं. संध्याकाळी बोटींचे दिवे दिसतात, ते ती मोजते. भात शिजलेला आहे, तो तिने झाकून ठेवला आहे. लेकीला झोप म्हटलं तरी ती झोपत नाही. एवढंच घेऊ:

खाडीत आले दिवे, एक कमी गं मोजणीत
झाकून ठेवला भात, लेक बसली ओसरीत

यात भीती कुठे म्हटली आहे? आसवं कुठे आहेत? कुठेच नाहीत. तरी 'एक कमी' ऐकलं की पोटात गोळा येतो. आणि लेक ओसरीत बसली आहे म्हणजे तिलाही कळलं आहे. आईने काही सांगितलेलं नाही, तरी कळलं आहे. दोन ओळींत दोघींची भीती आली.

आता मला सांगा, ही तिसरी ओवी काळजातून आली की डोक्यातून? काळजात भीती नसती तर दिवे मोजावेसे वाटलेच नसते. आणि डोकं चाललं नसतं तर 'भीती' हा शब्द काढून टाकून झाकलेला भात आणावा हे सुचलं नसतं. काय सांगायचं हे काळजाने ठरवलं. काय ठेवायचं आणि काय गाळायचं हे डोक्याने ठरवलं. दोन्ही कामं एकाच बाईने केली.

या दोन्ही गोष्टी एकत्र कशा नांदतात हे बघायचं असेल तर बहिणाबाई चौधरींकडे बघा. जन्म 1880 साली, जळगावजवळच्या असोदे गावात. लग्न तेराव्या वर्षी, वैधव्य तिसाव्या वर्षी. शेतकरी घरातली बाई, लिहिता वाचता येत नव्हतं. दळताना, शेतात काम करताना गाणी रचायच्या. मुलगा सोपानदेव आणि एक नातेवाईक यांनी त्यातली काही लिहून ठेवली. 3 डिसेंबर 1951 ला बहिणाबाई गेल्या. सोपानदेवांनी ती गाणी आचार्य अत्र्यांना दाखवली, अत्रे थक्क झाले, आणि 1952 साली पुस्तक निघालं.

अशी बाई म्हटली की लोक लगेच म्हणतात, "अडाणी होती, पण आतून झरा होता." झरा होताच. पण गाणी नीट ऐका. संसार कसा असतो हे सांगताना त्यांना चुलीवरचा तापलेला तवा आठवतो. मन कसं असतं हे सांगताना उभ्या पिकात शिरणारं, हाकलूनही परत येणारं ढोर आठवतं. सुगरण पक्ष्याच्या खोप्याचं गाणं तर बघाच. आधी त्या खोपा नीट न्याहाळतात, पक्ष्याची कारागिरी सांगतात, आणि शेवटी माणसाकडे वळून त्याच्या हातांची आठवण देतात. हा क्रम चुकून येत नाही. ऐकणारा आधी पक्ष्यात रमला पाहिजे, मगच तो शेवटचा टोला लागतो. हे ज्याला कळतं त्याची बुद्धी तल्लखच असली पाहिजे. अक्षरओळख वेगळी आणि बुद्धी वेगळी, हे बहिणाबाईंनी दाखवून दिलं. शिवाय हे सगळं त्यांनी आपल्या खानदेशी बोलीत केलं. 'शुद्ध' भाषेची वाट बघत बसल्या नाहीत. म्हणून मांगेली बोलणाऱ्या किंवा वारली बोलणाऱ्या बाईने आपली बोली लपवायचं कारण नाही.

इथे एक शंका येते. दुःख ताजं असताना गाणं जास्त चांगलं व्हायला नको का? बोंबलाचं उदाहरण घेऊ. ओला बोंबील ताजा असतो, पण त्यात पाणी फार. तसाच ठेवला तर दुसऱ्या दिवशी टाकून द्यावा लागतो. म्हणून आपण तोंडात तोंड अडकवून बोंबील दोरीवर घालतो. ऊन-वारा लागतो, पाणी उडून जातं, चव राहते. जून-जुलैत मासेमारी बंद असते तेव्हा तोच बोंबील घराला पुरतो. भावनेचंही तसंच. ताज्या दुःखात पाणी फार असतं. माणूस रडतो, ओरडतो, नाहीतर अगदी गप्प होतो. थोडे दिवस गेले की पाणी उडतं आणि सार राहतं. तेव्हा गाणं होतं.

आपल्याकडे इंदिरा संत नावाच्या थोर कवयित्री होऊन गेल्या. बेळगावला राहायच्या. 1946 साली त्यांचे पती गेले. त्यांचा 'शेला' हा कवितासंग्रह आला 1951 साली. त्या काळातल्या त्यांच्या कवितांत विरह आहे, एकटेपण आहे, पण आरडाओरडा नाही. एखादं झाड, एखादी संध्याकाळ, आणि तेवढ्यातून सगळं कळतं. विलायतेतला वर्डस्वर्थ नावाचा कवीही हेच म्हणायचा. कविता म्हणजे तीव्र भावनांचं भरून वाहणं, असं त्याने 1800 साली लिहिलं, आणि ते वाक्य जगभर गाजलं. पण तो हेही म्हणाला की ती भावना नंतर शांतपणे आठवावी लागते, आणि कवीने आधी पुष्कळ खोल विचार केलेला असावा लागतो. लोकांनी पहिला भाग लक्षात ठेवला आणि दुसरा सोडून दिला.

आपल्याच देशातल्या भरतमुनींनी फार पूर्वी नाट्यशास्त्रात हे स्वयंपाकाच्या भाषेत सांगितलं. वेगवेगळे जिन्नस आणि मसाले एकत्र आले की जशी चव तयार होते, तसे वेगवेगळे भाव एकत्र आले की रस तयार होतो. जिन्नस म्हणजे चव नव्हे. मीठ, मिरची, चिंच समोर ठेवली म्हणून कालवण होत नाही. किती घालायचं, कधी घालायचं, कुठे आच कमी करायची, हे करणारीला ठाऊक असावं लागतं.

आणि इथेच आपली फसगत होते बघा. कालवण चांगलं झालं की घरचे म्हणतात, "हिच्या हाताला चव आहे." कौतुकच आहे ते. पण चव हाताला नसते. वीस वर्षं रोज चूल सांभाळून, चुकून, चाखून, लक्षात ठेवून ती चव आलेली असते. हाताला चव आहे म्हटलं की ती सगळी मेहनत आणि अक्कल गायब होते. गाण्याचंही तेच. "तिला आपोआप येतं" म्हटलं की शिकणं, पाठ करणं, जुळवणं सगळं पुसलं जातं. मग ज्याला अक्कल नाही असं ठरवलं, त्याचं नाव लिहून ठेवायची गरजही कुणाला वाटत नाही. म्हणून तर इतकी गाणी नावाशिवाय राहिली.

आपल्या डहाणू-तलासरीतली धवलेरी आठवा. वारल्यांच्या लग्नात सवाशिणी भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात, त्यात पालघट देवी असते, आणि त्या चौकासमोर धवलेरी गाते. तिच्या गाण्याशिवाय लग्न लागत नाही. पोथी नाही, वही नाही. देवांना बोलवायचं, कुठला विधी आधी नि कुठला नंतर, कुठल्या वेळी कुठलं गाणं, सगळं डोक्यात. आणि त्याच वेळी नवरीच्या आईचं मनही तिला कळलं पाहिजे, आवाजात ते उतरलं पाहिजे. नुसती पाठांतरवाली असती तर गाणं कोरडं झालं असतं. नुसती हळवी असती तर मध्येच गळा दाटून विधी अडला असता. धवलेरीला हळवंही असावं लागतं आणि खंबीरही. काळीज की डोकं हा वाद तिच्यासमोर टिकत नाही.

आज अडचण वेगळी आहे. जातं गेलं, चक्की आली. ते चांगलंच झालं, पहाटेचे कष्ट वाचले. पण जात्याबरोबर ओवीची जागाही गेली. हळदीला आता डीजे लागतो. त्याच्या आवाजात आजीने गायचं कसं?

पुण्याचे गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांनी 1980 नंतर गावोगावच्या कार्यकर्त्या बायकांना बरोबर घेऊन जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. एक लाखाहून जास्त ओव्या जमल्या. गाणारीचं नाव आणि गाव त्यांनी ओवीसोबत नोंदवलं. एक लाखाहून जास्त, विचार करा! एवढं सगळं 'आपोआप' झालं म्हणायचं का?

तर बायांनो, गटाच्या पुढच्या बैठकीत दोन कामं करून बघा. फार नाहीत, दोनच.

पहिलं काम. हप्ते जमा झाले की गावातल्या एका म्हाताऱ्या बाईला मानाने बोलवा. तिला एक गाणं म्हणायला सांगा. तिची परवानगी घेऊन गाणं वहीत लिहा, मोबाइलवर रेकॉर्ड करा. लिहिताना तिची बोली बदलू नका. खाली तिचं नाव, गाव आणि तारीख टाका. गाणं कुणाकडून शिकली तेही विचारा. आणि एक प्रश्न नक्की विचारा: "आजी, इथे हाच शब्द का घेतला?" ती आधी हसेल. मग सांगू लागेल, आणि तेव्हा तुम्हाला कळेल तिने किती विचार केला आहे.

दुसरं काम. प्रत्येकीने एक ओवी स्वतः जुळवायची. विषय मोठा नको. मनाला लागलेली एक गोष्ट घ्या, आठ-पंधरा दिवसांपूर्वीची असली तर बरं. मनात काय वाटलं ते आधी सरळ सांगून टाका. मग 'दुःख', 'आनंद', 'भीती' हे शब्द काढा आणि त्यांच्या जागी त्या वेळी समोर दिसलेली एक वस्तू ठेवा. चूल असेल, टोपली असेल, मुलाची चप्पल असेल. मग चालीत म्हणून बघा. शब्द अडखळला तर बदला. यमक जुळवण्यासाठी खोटं काही घालू नका. खोटं घातलं की शेजारीण लगेच ओळखते. शेवटी ती मैत्रिणीला म्हणून दाखवा आणि गप्प बसा. ओवी समजावून सांगू नका. सांगावं लागलं तर अजून काम बाकी आहे असं समजा.

आणि हे फक्त गाण्यापुरतं नाही. ग्रामसभेत पाण्याचा प्रश्न मांडायचा असेल तेव्हाही हेच उपयोगी पडतं. नुसतं "फार त्रास होतो" म्हटलं तर कागदावर काही येत नाही. नुसते आकडे वाचले तर कुणी ऐकत नाही. "दोन हंड्यांसाठी पहाटे चारला उठते, लेकीची शाळा बुडते" म्हटलं की सभा ऐकते. मनातली तळमळ आणि डोक्यातली मांडणी एकत्र आली की बाईचं बोलणं कुणाला बाजूला सारता येत नाही.

तेव्हा यापुढे कुणी म्हणालं, "बायकांची गाणी काय, नुसत्या भावना," तर रागावू नका. त्याला जात्याजवळ बसवा, एक हात खुंट्यावर, दुसरा धान्यात, आणि म्हणा, "आता दोन ओळी जुळव बघू!"

तुमच्या वहीतल्या ओव्या आमच्याकडे नावानिशी पाठवा. पुढच्या भागात त्यातल्या काही ऐकवू.